गाडीचा एसी गार होत नाही? गॅस भरण्याआधी करंट कुठे अडलाय ते बघा

मे महिना, दुपारचे दोन, सायनचा सिग्नल. एसीचं बटण दाबलेलं आहे, त्यातला बारीक दिवाही लागलाय, पण जाळीतून येणारी हवा रस्त्यावरच्या हवेसारखीच. शेजारी बसलेला माणूस लगेच म्हणतो, "गॅस संपला असेल, भरून घे." गॅरेजमध्ये गेलं की तिथेही पहिलं वाक्य बहुतेकदा तेच असतं.

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. नळ्यांच्या बंद चक्रात तो द्रव होतो, पुन्हा वायू होतो आणि फिरत राहतो. सीलमधून, रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, हे खरं. पण काल गार असलेली गाडी आज एकदम गरम हवा फेकायला लागली, तर बहुतेकदा एक तर मोठी गळती असते, नाहीतर गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरपर्यंत करंटच पोचत नसतो. गळती शोधायला गॅरेजची यंत्रं लागतात. करंट कुठे अडलाय हे मात्र मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारा मीटर), एक बल्ब आणि तासभर वेळ एवढ्यावर बिल्डिंगच्या आवारात उभं राहून कळतं. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त पाणी भरायला उघडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी हे शिकले मामामुळे. मामाची कूल कॅब होती. एका उन्हाळ्यात त्यानं दोनदा गॅस भरला आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत पुन्हा तेच. पॅसेंजर अर्ध्या वाटेत उतरून दुसरी टॅक्सी बघायचे आणि मामा काही न बोलता मीटर बंद करायचा. शेवटी आम्ही लालबागला एका जुन्या वायरमनकाकांकडे गेलो. मल्टीमीटर धरायला मी नुकतीच शिकले होते. कॉम्प्रेसरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून त्यात मीटरच्या पिना लावल्या आणि सांगितलं, "काका, १२.४ येतायत. करंट आहे."

काका म्हणाले, "अगं, मीटर करंट पितो कुठे? बल्ब लाव."

त्यांनी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब त्याच दोन टोकांना लावला. बल्ब जेमतेम तांबडा झाला, शेगडीतल्या विझत्या निखाऱ्यासारखा. मीटर पुन्हा लावला तर १२.४ चे साडेपाच झाले होते. काकांनी कपलर उलटा करून टॉर्च मारला. आतल्या पिनेवर गंजाची हिरवट पांढरी बुरशी बसली होती आणि ती पिन जिथे वायरला चिमटलेली होती तिथे तांब्याचे तीनच धागे शिल्लक होते. गॅस भरताना हात लागून कपलर हलायचा, पिन चार दिवस नीट टेकायची आणि वाटायचं की गॅसनंच काम झालं.

त्या दिवशी कळलेली गोष्ट पुढे सगळीकडे लागू पडते: व्होल्ट दिसणं वेगळं आणि ओझं ओढण्याइतका करंट मिळणं वेगळं.

करंट जातो कुठून

बटण दाबलं की करंट थेट कॉम्प्रेसरकडे जात नाही. गाडीत दोन वेगळ्या लाइनी असतात. मी त्यांना ओझ्याची लाइन आणि हुकमाची लाइन म्हणते, कारण हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

ओझ्याची लाइन अशी: बॅटरी, मग फ्यूज, मग रिलेचे (बारीक करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले जाड पॉइंट, मग कॉम्प्रेसरच्या तोंडावरच्या, पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणाऱ्या मॅग्नेटिक क्लचची कॉइल आणि तिथून बॉडीच्या अर्थमधून, म्हणजे गाडीच्या धातूमधून, परत बॅटरी. या लाइनीत तीन-चार अँपिअर वाहतात.

हुकमाची लाइन बारीक आहे. बटणानं फक्त विनंती जाते. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आधी चौकशी करतो: ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, चालू आहे का? नळीतलं प्रेशर ठीक आहे का? आतली कुलिंग कॉइल बर्फ धरण्याइतकी थंड तर झाली नाही? इंजिन तापलंय का? सगळं ठीक असेल तरच तो रिलेच्या छोट्या कॉइलला अर्थ देतो आणि रिले लागतो. जुन्या गाड्यांत ईसीयूऐवजी हेच स्विच एकामागोमाग एक जोडलेले असतात, पण विचार तोच.

एक अपवाद आधीच सांगते. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्रेसरला असा क्लच नसतोच. पुली आणि शाफ्ट कायम एकत्र फिरतात आणि आतला एक इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ताकद कमीजास्त करतो. तिथे क्लच लागल्याचा "टक" आवाज ऐकू येणार नाही, म्हणून क्लच खराब आहे असं धरू नका. अशा गाडीला स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावल्याशिवाय फार पुढे जाता येत नाही.

हाताशी काय ठेवायचं

डिजिटल मल्टीमीटर लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो आणि या कामाला साधाच पुरतो. त्याच रोडवर होल्डरसकट २१ वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब, दोन मगरी क्लिपा आणि वायरमध्ये बसवायचा फ्यूज होल्डर घ्या. बल्बला दीड हात वायर लावली की टेस्ट लॅम्प तयार. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे खोटा करंट लगेच उघडा पडतो. दुसरी एक वायर अशी बनवा जिच्या मध्ये १० अँपिअरचा फ्यूज आहे. काहीही डायरेक्ट करून बघायचं असेल तर फक्त हीच वायर वापरायची. शिवाय टॉर्च, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), जुना मऊ टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि गाडीच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा. झाकण हरवलं असेल तर मालकाच्या पुस्तिकेत तो नकाशा असतो.

आता जिवाच्या गोष्टी. ओढणी, टाय, गळ्यातलं ओळखपत्र, सैल बाही यातलं काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नको. हातातली अंगठी, बांगडी, कडं, घड्याळ काढा. बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकाच वेळी लागलेलं कडं क्षणात लालबुंद होतं. रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरही, म्हणून त्याच्या पात्यांत बोट घालू नका. टॉवरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासत बसू नका. धूर दिसत नाही पण विषारी असतो. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना मीटरही नाही आणि बल्बही नाही. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलींना हात लावायचा नाही. तिथला कॉम्प्रेसरच शेकडो व्होल्टवर चालतो आणि ते काम त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं.

पायरी १: आधी बघा आणि ऐका

इंजिन चालू करा, ब्लोअर दोनवर ठेवा आणि मग एसी लावा. ब्लोअर बंद असेल तर बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागतच नाही, आणि नवखा माणूस इथेच अर्धा तास घालवतो. बॉनेट उघडून कुणाला तरी बटण चालू-बंद करायला सांगा आणि कान द्या.

कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यामुळे कायम फिरते. पुलीच्या तोंडावरची चकती मात्र क्लच लागला तरच फिरते. बटण दाबल्यावर "टक" वाजलं, चकती फिरायला लागली आणि इंजिनचा आवाज किंचित दबला, तर क्लचला करंट मिळतोय.

टक वाजतंय पण हवा गरम आहे, तर डॅशबोर्डच्या मागून कॉम्प्रेसरकडे येणारी जाड नळी बघा. मुंबईच्या दमट हवेत चालू एसीची ही नळी पाच मिनिटांत थंड पेयाच्या बाटलीसारखी घामेजते. नळी गार आणि ओली आहे, तरी आत गरम हवा येतेय, तर गॅसही ठीक आणि कॉम्प्रेसरही ठीक. डॅशबोर्डच्या आत गरम-गार हवा मिसळणारी झडप असते, ती किंवा तिची छोटी मोटर अडकली आहे. नळी गारच होत नसेल तर गॅस किंवा कॉम्प्रेसर, आणि तेव्हा गॅरेज गाठायला हरकत नाही. कॉम्प्रेसरकडून पुढच्या कंडेन्सरकडे, म्हणजे तापलेला गॅस गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारी नळी हातानं तपासू नका, चटका बसतो.

क्लच दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो असं असेल तर गॅस खरोखर कमी असण्याची शक्यता मोठी, कारण प्रेशर पडलं की स्विच तोडतो, बंद झाल्यावर प्रेशर चढलं की पुन्हा जोडतो. आणि टक वाजतच नसेल तर पुढे चला.

पायरी २: बॅटरी, फ्यूज, रिले

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. इथेच गडबड असेल तर एसी बाजूला ठेवा आणि आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा.

फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी बघू नका. कधीकधी आतली पट्टी बारीक तडकलेली असते आणि दिसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. बल्बचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं आळीपाळीनं दोन्ही ठिपक्यांना लावा. दोन्हीकडे लख्ख पेटला तर फ्यूज चांगला. उडालेला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा लावा. तोही उडाला तर क्लचची कॉइल आतून शॉर्ट आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडली आहे. काही गाड्यांत क्लचच्या वायरवर डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) असतो, तो शॉर्ट झाला तरी हेच होतं. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार लावून काम भागवणारे लोक मी पाहिलेत. त्यात फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि कधीकधी गाडीही.

रिले तपासायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे अदलाबदल. त्याच फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तरी त्याच नंबरचा रिले असतो. तो इथे लावा. एसी लागला आणि हॉर्न बंद पडला तर चोर सापडला.

अदलाबदलीनं फरक पडला नाही तर रिले काढून त्याचं सॉकेट बघा. रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे छापलेले असतात. काही कंपन्या १ ते ५ आकडे टाकतात, मग रिलेवरच्या छोट्या चित्रावरून जुळवा. ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ मधून तो क्लचकडे जातो. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि फ्यूज लावलेली आपली वायर ३० आणि ८७ च्या भोकांत एक-दोन सेकंद टेकवा. पुढून खणखणीत "टक" आलं तर ओझ्याची लाइन पूर्ण चांगली आहे, अडचण हुकमाच्या लाइनीत आहे. टक आलं नाही तर अडचण फ्यूजपासून क्लचपर्यंत किंवा अर्थमध्ये आहे. एका "टक"वर निम्मं वायरिंग बाद करता येतं, म्हणून ही चाचणी मला सगळ्यात आवडते. ती इंजिन बंद ठेवूनच करा. गॅस नसलेला कॉम्प्रेसर असा जबरदस्तीनं फिरवला तर आत तेल पोचत नाही आणि तो जाम होतो.

पायरी ३: क्लच

मुंबईत मला सगळ्यात जास्त बिघाड इथेच दिसलेत. कॉम्प्रेसर इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, रस्त्यावरचं पाणी आणि चिखल त्याच्या कपलरवर उडतो. वरळी सी फेस किंवा मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणी रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा लागते. तांब्याला हिरवं चढायला एवढं पुरतं.

चावी बंद करून कपलर काढा. आत टॉर्च मारा. हिरवं, पांढरं, काळवंडलेलं, वितळलेलं काही दिसतंय का? मग मीटर २०० ओहमवर ठेवा, मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्याचा स्वतःचा आकडा बघून घ्या आणि तो पुढच्या आकड्यातून वजा करा. क्लचला एकच वायर असेल तर त्या वायरपासून कॉम्प्रेसरच्या धातूपर्यंत मोजा, दोन असतील तर दोघींमध्ये. साधारण ३ ते ५ ओहम यायला हवेत. मीटरनं ओएल किंवा नुसता १ दाखवला तर कॉइल तुटली आहे, किंवा काही कॉम्प्रेसरमध्ये कॉइलच्या आत असलेला तापमानाचा फ्यूज उडालाय. दीड-दोनच्या खाली आला तर कॉइलचे वेढे शॉर्ट आहेत.

कॉइल चांगली निघाली तर आता काकांची चाचणी. इंजिन चालू करा, एसी लावा आणि गाडीकडच्या कपलरला बल्ब लावा. क्लचला एकच वायर असेल तर बल्बचं दुसरं टोक कॉम्प्रेसरच्या धातूला लावा. वायर पट्ट्यापासून लांब धरा. लख्ख पेटला तर लाइन खरी. मंद पेटला तर कुठेतरी अडथळा आहे.

अडथळा प्लसमध्ये की अर्थमध्ये, हे मीटर सांगतो. कपलर पुन्हा जोडा, एसी चालू ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन कॉम्प्रेसरच्या धातूला लावा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. मग लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी क्लचच्या वायरला लावा. ०.५ च्या वर आकडा आला तर प्लसच्या वाटेत, म्हणजे फ्यूजच्या पायात, रिलेच्या पॉइंटवर किंवा कपलरमध्ये व्होल्ट खाल्ले जातायत. एकेक सांधा पुढे सरकत हेच मोजत गेलं की जागा सापडते.

थोडासा गंज एवढा त्रास का देतो? हिशेब सोपा आहे. ३.६ ओहमची कॉइल १२.६ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढते. गंजलेल्या पिनेनं दीड ओहम वाढवला की करंट अडीच अँपिअरच्या खाली येतो. मॅग्नेटची ओढ त्याहून जास्त वेगानं घटते आणि चकती पुलीला घट्ट चिकटत नाही.

याच कारणानं एक तक्रार नेहमी येते, ती ओळखून ठेवा: सकाळी घरातून निघताना एसी मस्त गार, तासाभरानं गाडी चांगली तापली की गायब आणि संध्याकाळी थंड झाल्यावर पुन्हा ठीक. तांबं तापलं की त्याचा अडथळा वाढतो, ६० अंशांनी तापलं तर जवळपास एक चतुर्थांश. त्यामुळे कॉइलची ओढ कमी होते. चकती आणि पुलीमधली फट वर्षानुवर्षांच्या घासण्यानं वाढलेली असेल तर गार असताना मॅग्नेट ती कशीबशी ओलांडतो, गरम झाल्यावर नाही. इंजिन बंद करून फीलर गेज घाला. बऱ्याच कॉम्प्रेसरना ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट चालते, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. फट जास्त असेल तर चकतीमागची पातळ वॉशर काढून ती कमी करता येते. हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण "कॉम्प्रेसरच बदला" असं कुणी म्हणालं तर आधी फट मोजून दाखवायला सांगा.

कपलर दुरुस्त करताना बुरशी ब्रशनं आणि क्लीनरनं साफ करा, पूर्ण वाळू द्या, पिना किंचित दाबून घट्ट करा. वायर आतून काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायची आणि नवा कपलर लावायचा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात परत येतो.

पायरी ४: हुकूम का येत नाही

रिलेच्या जागी डायरेक्ट केल्यावर टक वाजलं, पण बटणानं वाजत नाही. आता प्रेशर स्विच बघायचा. तो कंडेन्सरजवळच्या बारीक नळीवर असतो. दोन वायरींचा साधा स्विच असेल तर कपलर काढून स्विचच्या पिनांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे आतून जोडणी आहे का ते, मोजा. प्रेशर सुमारे २ बारच्या खाली किंवा ३० बारच्या वर गेलं की तो तोडतो. मीटर वाजला नाही तर गॅस कमी आहे किंवा स्विच मेलाय. हे दोन वेगळे करायला प्रेशर गेज लागतो. बंद गाडीत, हवा ३० अंश असताना आर-१३४ए प्रकारच्या गॅसचं प्रेशर ९५ ते १०० पीएसआयच्या (साधारण पावणेसात बार) आसपास असायला हवं. तेवढं आहे आणि तरी स्विच उघडा आहे, तर स्विच बदला. एक सावधगिरी: बंद गाडीतलं हे प्रेशर फक्त "आत द्रव गॅस शिल्लक आहे" एवढंच सांगतं, किती ग्रॅम आहे ते सांगत नाही. आणि स्विच कायमचा डायरेक्ट करून गाडी चालवू नका, तो कॉम्प्रेसर वाचवायला बसवलेला आहे.

तीन वायरी असतील तर तो स्विच नसून सेन्सर आहे. एका वायरवर ५ व्होल्ट, एकीवर अर्थ, तिसरीवर सिग्नल. इथे बल्ब अजिबात लावायचा नाही, ईसीयूला इजा होऊ शकते. फक्त मीटर. ५ व्होल्ट आणि अर्थ नीट येतायत का एवढं बघा, बाकीचं स्कॅनर सांगेल. स्कॅनरवर पी ०५३२ किंवा पी ०५३३ आला तर प्रेशर सेन्सरची लाइन, पी ०६४५ आला तर क्लच रिलेच्या हुकमाची लाइन. कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलायचा नसतो. कोड लाइन दाखवतो, त्या लाइनीत कपलर आणि वायरही येतात.

कुलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, हाही हुकूम अडवतो. त्याचा अडथळा गारव्यात वाढतो आणि उष्णतेत घटतो. काढून मुठीत धरला की आकडा उतरायला हवा, बर्फाच्या पाण्यात चढायला हवा. तो चुकीचा आकडा देत असेल तर कॉम्प्रेसर वेळेआधी सुटतो किंवा सुटतच नाही. दुसऱ्या प्रकारात अर्ध्या तासानं ब्लोअरचा आवाज तसाच राहतो पण हवा मंदावते, कारण कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून दहा मिनिटं थांबलं की हवा परत येते आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडतं.

फ्रीवेवर गार, सिग्नलला गरम

ही तक्रार ऐकली की मी क्लचकडे बघतच नाही. ईस्टर्न फ्रीवेवर वेगात असताना समोरून वारा लागतो आणि कंडेन्सर थंड राहतो. पी. डिमेलो रोडला उतरून गर्दीत अडकलात की ते काम कंडेन्सरच्या फॅनचं. फॅन बंद असेल तर नळीतलं प्रेशर चढत जातं आणि सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर तोडला जातो.

एसी लावल्यावर थोड्या वेळात फॅन फिरायला हवा. नाही फिरला तर त्याचाही फ्यूज, रिले, कपलर याच क्रमानं बघा. शेवटी फॅनचा कपलर काढून मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्या, पण या वेळी फॅनच्या फ्यूजइतका फ्यूज आणि तशीच जाड वायर हवी. फिरला तर मोटर चांगली, लाइन खराब. घरघर करत हळू फिरला तर बेअरिंग किंवा कार्बन ब्रश गेलेत. फॅन पूर्ण बंद असताना एसीशिवायही गर्दीत गाडी चालवू नका, इंजिन तापेल.

ब्लोअर

ब्लोअर फक्त चारवर चालतो आणि एक-दोन-तीनवर मेलेला आहे, तर ब्लोअरचा रेझिस्टर जळलाय. ग्लोव्हबॉक्सच्या मागे दोन स्क्रूवर असतो. तो ब्लोअरच्याच वाऱ्यानं थंड होत असतो, म्हणून केबिन फिल्टर धुळीनं बंद झाला की रेझिस्टर तापून जातो. फिल्टर न बघता नवा रेझिस्टर लावला तर तोही जाईल. सगळ्या स्पीड बंद असतील तर फ्यूज, मोटर आणि अर्थ.

पावसाळा

हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाणी दिसलं की आत शिरण्याआधी एसी बंद करा. फॅन बंद राहिला तर पाती पाण्यात आपटत नाहीत. गाडी पाण्यातून आली असेल तर दुसऱ्या दिवशी क्लच आणि फॅनचे कपलर उघडून वाळवा, महिनाभर थांबू नका. बुरशी धरायला तेवढा वेळ पुरतो. कपलर जोडताना रबरी सील जागेवर आहे ना ते बघा आणि डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा बारीक थर द्या. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून धुऊ नका.

आणि उंदीर, घुशी. पावसात बिळात पाणी शिरलं की त्या गरम इंजिनवर येऊन बसतात. चार दिवस उभ्या असलेल्या गाडीचा एसी अचानक बंद पडला तर आधी वायरींवर दातांच्या खुणा शोधा.

गॅरेजला जाताना

एवढं करूनही गॅसच कमी निघाला, तर निर्धास्त भरा, पण आधी गळती शोधायला सांगा. नळ्यांतली हवा आणि ओल व्हॅक्युम पंपानं निदान अर्धा तास ओढून काढायची असते आणि मग गॅस वजन करून भरायचा असतो. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर छापलेलं असतं. त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नळी सैल करून जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. हवामानासाठी तो फार वाईट, आणि त्वचेवर किंवा डोळ्यात गेला तर तिथली जागा गोठते.

मामाच्या गाडीला नवा कपलर लागला तेव्हा काकांनी मला मीटर हातात दिला आणि पुन्हा सगळं मोजायला लावलं. बॅटरी १४.१, क्लचच्या वायरवर १३.८, अर्थला ०.०५, कॉइल ३.७ ओहम. मामानं ते एका बिलाच्या मागे लिहून घेतलं आणि ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलं. पुढच्या वेळी एसी कुरकुरला की तो आधी तो कागद काढायचा आणि मला हाक मारायचा, "ये गं, मीटर घेऊन."